झाकणारी सईदाखाला

सईदाखालाला दारुडी म्हणणाऱ्या एका कंपाउंडरशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात कचाकचा भांडले होते. त्याचं म्हणणं एवढंच, की लिव्हर सुकलं, पोटात पाणी झालं, म्हणजे बाई चोरून पीत असणार. पाच वेळची नमाजी, मोहल्ल्यातल्या मेलेल्या बायांना शेवटची आंघोळ घालणारी पन्नाशीची बाई, आणि हा शहाणा तिला मोहाची पाजायला निघाला होता! माझं तोंड आधी सुटतं आणि डोकं मागून येतं, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी मी बरोबर होते. पुढे एकदा तेच तोंड असं चुकीचं सुटलं की अजून पस्तावते आहे.

मी दीपा. केळापूरपासून जवळच, आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमची बौद्धवस्ती आणि खालाचा मोहल्ला यांच्यामध्ये एक नाला. ती माझ्या आईला बहीण मानायची, म्हणून ती माझी खाला. तिचा नवरा रहेमानचाचा जिनिंगमध्ये मिस्त्री होता. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं बिघडली की त्याला बोलावणं यायचं. मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांवर चिडायची, आणि एकानं जेवल्याशिवाय दुसरं जेवायचं नाही.

मेलेल्या माणसाच्या आंघोळीला त्यांच्यात गुस्ल म्हणतात. बाईचं गुस्ल बाईनेच करायचं. बोरीची पानं टाकून उकळलेलं पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर, वर चादर. खाला सव्वीस वर्षं हे करत होती. तिच्या लहानखुऱ्या, कोरड्या हातांना कापराचा वास कायमचा लागला होता. या कामात एक नियम असतो. अंगावर जे दिसेल ते कुणाला सांगायचं नाही. कुणाच्या पाठीवर कोड असतं, कुणाच्या पोटावर न सांगितलेल्या ऑपरेशनचे टाके असतात, कुणाच्या मांडीवर डागण्या. ते सगळं मातीत जातं आणि गुस्ल देणारीच्या पोटात राहतं.

"मैयतीचा ऐब आपण झाकला, त आपला अल्ला झाकते," ती म्हणायची. मी खोदून खोदून विचारायचे, लहान होते तेव्हा तर फारच. ती हसून माझ्या हातावर गुडदाणी ठेवायची. तिच्यावर सगळ्या मोहल्ल्याचा भरवसा होता आणि तिची सगळी इज्जत त्या भरवशाची होती.

दोन हजार चार साली तिचे डोळे पिवळे झाले. मग पाय सुजले, पोट फुगलं. नागपूरच्या पोटाच्या डॉक्टरांनीही पहिला प्रश्न दारूचाच विचारला. रहेमानचाचाचा चेहरा असा पडला की मलाच बोलावं लागलं. तपासण्या झाल्या तेव्हा निघालं भलतंच. शरीराची जी राखण करणारी यंत्रणा असते, बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणारी, ती तिच्या स्वतःच्या लिव्हरवर उलटली होती. वर्षानुवर्षं आतल्या आत कुरतडत होती. असं का होतं, ते नक्की कुणालाच माहीत नाही, डॉक्टर म्हणाले. कदाचित आतड्यातल्या जंतूंचाही त्यात हात असेल, त्यावर अभ्यास चालू आहे.

त्या राखणदाराला शांत करायच्या गोळ्या सुरू झाल्या. पण लिव्हर निम्म्याहून जास्त निबर झालं होतं. मग मी खालाला तिच्या घरी बसून समजावलं. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. बरेचसे कामाचे असतात, पण आपण खाल्लेलं खाताना त्यांच्याकडून अमोनियासारखा विषारी माल निघतो. तो रक्तातून आधी लिव्हरकडे येतो, लिव्हर तो साफ करतं, आणि मगच रक्त पुढे जातं. लिव्हर निबर झालं की माल तसाच पुढे सरकतो, डोक्यात जातो. माणूस बरळतं, दिवसा पेंगतं, घरचा रस्ता विसरतं. आतड्याची भिंतही सैल होते, जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात, आणि राखणदार आणखी भडकतो.

रहेमानचाचा दारात बसून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे जिन बिघडली, न् सरकीसकट रुई गाठीत गेली."

"अगदी तसंच," मी म्हटलं. यावर उपाय साधा होता. एक गोड, पाकासारखं घट्टसर औषध. ते आतड्यात जाऊन त्या जंतूंचा माल तिथेच अडवतं आणि संडासवाटे बाहेर काढतं. मी तिला बजावलं, दिवसातून दोन-तीनदा पातळ झालीच पाहिजे, नाही झाली तर औषध वाढव, बंद मात्र कधी करू नकोस. तिने मान डोलावली. मी संडास कुठे आहे, पाणी पुरतं का, सगळं विचारलं. नर्स म्हणून मला शंभरपैकी शंभर द्यायला हवे होते.

ती वर्षं म्हणजे आमच्या जिल्ह्याला कापसानं खाल्लं ती वर्षं. फवारणीचं औषध पिऊन आलेली माणसं आमच्या वॉर्डात खाटांवर, खाटांखाली, व्हरांड्यात. विषावर उतारा म्हणून टोचायच्या अॅट्रोपिनच्या रिकाम्या कुप्यांनी खोकी भरायची. फवारणीच्या औषधाचा वास माझ्या केसांतून जायचा नाही. आमच्या हातून सुटलेली एखादी बाई खालाच्या हाती जायची, त्यामुळे तो वास तिलाही चांगला ओळखीचा झाला होता. घरचे सांगत, उलट्या-जुलाबानं गेली. खाला ऐकून घ्यायची, पाणी तापवायची.

दोन हजार पाचच्या फवारणीच्या दिवसांत आरिफा गेली. मोहल्ल्याच्या टोकाला राहणाऱ्या अफरोजबीची थोरली पोर, तेवीस वर्षांची. गावातच दिली होती, मोईन नावाच्या टेम्पोवाल्याला. एक दीड वर्षाची मुलगी होती. लोकांना सांगितलं उलट्या-जुलाब. सासूनं खालाला बाजूला घेऊन हळूच दुसरं सांगितलं, पोरीनं कपाशीवरचं औषध घेतलं, आता तिची अब्रू तुमच्या हातात. आत्महत्या म्हणजे त्यांच्यात मोठा गुन्हा. अफरोजबी बेशुद्ध पडली होती, तिला गुस्लला आणलंच नाही. मयत दवाखान्यात आली नाही, पोलीस आले नाहीत. त्या वर्षी औषध पिऊन मेलेल्या माणसाबद्दल कुणीच फार विचारत नव्हतं. अगदी मीसुद्धा नाही.

यातलं सासूचं बोलणं मला एक वर्षानंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की गुस्लवरून आल्यावर खालानं तीन दिवस अन्न घेतलं नाही. विचारलं तर म्हणाली, "काही नाही बेटा, पोरगी लहान होती."

पुढच्या साली, रमजानच्या थोडं आधी, मोईनच्या घरून अफरोजबीकडे मागणं आलं. धाकट्या नुजहतसाठी. मावशी आई झाली तर लेकराला सावत्रपण नाही, ही रीत आमच्याकडेही आहे आणि तुमच्याकडेही असेल. अफरोजबीला नातीचं तोंड दिसत होतं. ती हो म्हणाली. नुजहत एकोणीसची, बारावी झालेली, शिवणकाम करायची. तिला कुणी विचारलं नाही.

ही बातमी मीच खालाला सांगितली, गंमत म्हणून, चहा पिता पिता. तिने कप खाली ठेवला. "कोन्या घरी?" दोनदा विचारलं. मग नमाजाची जानमाज पसरून बसली. मी निघून आले. माझ्या मनात आलं, थकली असेल.

त्या रमजानमध्ये मी तिच्याकडे फार गेले नाही. दिवाळी तोंडावर, दवाखान्यात गर्दी. चोविसाव्या रोज्याला दुपारी नुजहत पळत आली, ओढणी खांद्यावरून लोळत होती.

"दीपाताई, चाल लवकर. खालाले काहीतरी झालं. त्या... त्या सगळ्याईचं सांगून राह्यल्या."

अफरोजबीच्या घरी बाया कुराण वाचायला जमल्या होत्या. मी गेले तेव्हा कुणी वाचत नव्हतं. खाला भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. तिचे दोन्ही हात समोर अधांतरी होते. चादरीखालून फिरवावेत तसे ती ते फिरवत होती, आणि बोलत होती. आवाज तिचाच, पण सपाट, आपली यादी वाचल्यासारखा. अमकीच्या पाठीवर कोड. तमकीच्या पोटावर टाके, नवऱ्याले माहीत नव्हते. हिच्या बगलेत गाठ, लिंबाएवढी, कोनाले दाखवली नाही. ज्यांच्या आया-बहिणी होत्या त्या समोर बसल्या होत्या. एकीनं तोंडात पदर कोंबला होता. एक म्हातारी कान झाकून मोठमोठ्यानं कलमा म्हणत होती. मेलेल्या बाया एकेक करून त्या खोलीत येऊन बसाव्यात असं ते होतं. भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग तिचे हात एका जागी थांबले.

"आरिफाच्या तोंडाले वास नाही," खाला म्हणाली. "दवा पेली म्हनता, मंग वास कुठी हाय? धुवून पाह्यलं. वास नाही. गळ्यावर बोटं हायत. चार इकडं, एक तिकडं."

मोईनची आई तिथेच होती. ती उठली आणि ओरडली, "पागल झाली हे बाई! जिन लागला हिले!"

मी खालाजवळ गेले. तिच्या श्वासाला तो गोडसर, कुबट वास होता, लिव्हरच्या पेशंटचा. हात धरून मनगटं मागे वाकवली तर पंजे फडफडले, विष डोक्यात गेल्याची ती खूण. जिनबिन काही नव्हतं. मी रिक्षा मागवली आणि दारात जमलेल्या लोकांना चांगलं झापलं. "भूत नाही न् काही नाही! आतड्यातल्या जंतूंचं विष डोक्यात गेलं आहे, लिव्हर साफ करत नाही म्हणून. ती काय बोलते ते तिला कळत नाही. बीमारी बोलते आहे, बीमारी!"

केवढा आनंद झाला होता मला अंधश्रद्धा मोडल्याचा. त्या क्षणी मी मोईनला सोडवत होते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. संध्याकाळपर्यंत मोईनची आई घरोघर सांगत फिरली, नर्सच म्हणते, बीमारी बोलली. अफरोजबीनं ते घट्ट धरलं. आईला दुसरं काय धरवणार होतं? निकाह ईदनंतर चौथ्या दिवशी ठरला.

आम्ही एनिमा दिला, औषध दिलं, आतड्यातल्या जंतूंना आवरणाऱ्या गोळ्या दिल्या. मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, असं बरळताना माणूस नसलेलं रचून सांगतं का? ते म्हणाले, "सांगू शकतं. असलेलंही सांगू शकतं. एरवी जे झाकून ठेवलेलं असतं त्याच्यावरचं झाकण अशा वेळी उडतं. सिस्टर, कोणतं खरं, ते मला लिव्हर बघून कळणार नाही."

चौथ्या दिवशी सकाळी खालानं मला ओळखलं, पाणी मागितलं. मी आधी रागावले. औषध का सोडलं?

"वुजू टिकत नव्हता बेटा," ती म्हणाली. "संडासले जाऊन आलं का वुजू तुटते. सारखं पानी कुठून आनू? मले महिनाभर अल्लापाशी बसाचं होतं. एक मांगाचं होतं." नमाजीआधी हातपाय-तोंड धुऊन शुद्ध होतात तो वुजू. मी तिला संडास विचारला होता, पाणी विचारलं होतं. दुवा मागायला बसणाऱ्या बाईला दिवसातून तीनदा ते औषध उठवेल, हे काही मी विचारलं नव्हतं.

"काय मागायचं होतं?"

तिने ओढणी डोक्यावर ओढून घेतली. मग मी तिला सांगितलं, ती काय काय बोलली ते. कोडवाली, टाकेवाली, गाठवाली. प्रत्येकीबरोबर तिचा चेहरा आक्रसत गेला. आरिफाचं सांगायला लागले तेव्हा तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. ती रडली, पण आवाज न करता. सव्वीस वर्षांची अमानत एका दुपारी उधळली होती.

"लोक म्हणतात बीमारी बोलली," मी म्हटलं.

"मंग तसंच राहू दे."

"खाला, ते खोटं होतं का?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. मला राग आला, असा की खाट गदागदा हलवावी. पण माझं तोंड पहिल्यांदा बंद राहिलं, कारण बीमारी बोलली हे माझेच शब्द होते. मी एवढंच म्हटलं, "निकाह ईदच्या चौथ्या दिवशी आहे." आणि दुसऱ्या वॉर्डात गेले.

ईदच्या दुसऱ्या दिवशी अफरोजबी शीरखुर्म्याचा डबा घेऊन दवाखान्यात आली. मागे नुजहत, हातावर मेंदी, डोळे सुजलेले. अफरोजबी खाटेवर टेकली.

"खाला, हिले एकदा तुमच्या तोंडानं सांगा, का ते बीमारीपायी बोललं गेलं. तीन दिवस झाले, पोरगी जेवून नाही राह्यली."

खालानं नुजहतच्या हातावरची मेंदी पाहिली. मग मला म्हणाली, "दीपा, माहे हात तपासून पाह्य."

मला आधी कळलंच नाही. तिने स्वतःच हात समोर केले, मनगटं मागे वाकवली, बोटं पसरली. मी शंभर वेळा घेतलेली तपासणी. पंजे फडफडले नाहीत.

"आज कोन्ता वार ते इचार."

"कोणता वार आहे, खाला?"

"गुरुवार. ईद बुधवारी झाली. आता मले इसापासून उलटं मोजाले लाव." मी म्हणायच्या आत ती मोजू लागली. वीस, एकोणीस, अठरा. अफरोजबी गोंधळून माझ्याकडे बघत होती. एकापर्यंत खाला कुठेही अडखळली नाही.

"पाह्यलं न? आता बीमारी नाही बोलत, मी बोलतो," ती म्हणाली. "अफरोज, आरिफाच्या तोंडाले वास नव्हता. तिनं काही पेलं नव्हतं. गळा दाबला होता तिचा. मैयतीचा ऐब झाकाचा असते. मारनाऱ्याचा झाकाचा नसते. हे मले कळाले वरीस लागलं."

अफरोजबी ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. फार हळू म्हणाली, "तवा काहून नाही सांगितलं?"

"मले वाटलं, मी तिचा गुनाह झाकून राह्यली. वास नाही हे कळलं होतं मले. बोटंई दिसले होते. पन त्याईनं जे सांगितलं ते सोपं होतं. सारेच पिऊन मरून राह्यले होते. मी तेच धरलं."

अफरोजबीनं तिच्या तोंडात मारली. मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. नुजहतनं डबा उचलला, आईला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "अम्मी, घरी चाल. नाही म्हनून सांगून येऊ."

निकाह मोडला. नुजहत वाचली, हे मी रोज स्वतःला सांगते. बाकी काही झालं नाही. अफरोजबी ठाण्यात गेली. मोईनच्या लोकांनी तिथे आमच्याच दवाखान्याचा कागद दाखवला: मेंदूवर परिणाम, असंबद्ध बडबड. खाली सही माझ्या डॉक्टरांची, अक्षर माझं. कबरीत एक वर्ष झालेल्या देहाचं काय करायचं यावर कुणी डोकं चालवलं नाही. ज्यांच्या आया-बहिणींची गुपितं त्या दुपारी बाहेर पडली, त्यांनी खालाला कधीच माफ केलं नाही. गुस्लसाठी तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

ती आणखी तीन वर्षं जगली. औषध एक दिवसही चुकवलं नाही. वुजू तुटला की परत करायची, रहेमानचाचा पाण्याची घागर भरून ठेवायचा. दर आठवड्याला मी तिचे हात तपासायचे, वार विचारायचे.

शेवटच्या पावसाळ्यात मी असेच हात तपासले. ठीक होते. डोकंही साफ होतं. तेव्हा ती सहज, चहाचं विचारावं तसं म्हणाली, "आरिफा येते, बेटा. रोजच येते. गुस्लच्या दिवसापासून येऊन राह्यली. पायथ्याशी बसते."

मी औषधाची बाटली उजेडात धरून पाहिली, पातळी बरोबर होती. दोनदा जाऊन आल्याचं रहेमानचाचानं सांगितलं. मग मी विचारलं,

"काय म्हणते?"

"आपल्यासाठी काही नाही म्हनत. मोईननं वणीकडची पोरगी केली न, राजूरची? तिचं नाव इचारते." खाला माझ्याकडे बघत होती, डोळे अगदी स्वच्छ. "मले नाही माहीत. तुले माहीत हाय का व?"

मोईनचं दुसरं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती पोरगी नाल्यापलीकडे, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होती. तिचं नाव मी कधीच विचारलं नव्हतं.